वॅफचे मेल अलर्ट लावताय? या चुका टाळा, नायतर खरं गिऱ्हाईक दारातनं परत जाईल

मागच्या दसऱ्याच्या तोंडावरची गोष्ट हाय. कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानाची ऑर्डर घ्यायची साइट मी सांभाळतो. सणाला ऑर्डरी वाढायच्या सोडून घटल्या, मालक म्हणाले बाजारच थंड दिसतोय, आणि मलापण ते पटलं. मग नवव्या दिवशी पुण्यातनं एका ताईंचा फोन आला, "दादा, ऑर्डर दाबली की पान अडकतंय, फॉरबिडन म्हणतंय, तीनदा केलं मी." लॉग उघडून बघतोय तर वॅफनं (वेब अॅप्लिकेशन फायरवॉल, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, रूलनं, साइटवर येणाऱ्या वाईट रिक्वेस्ट अडवणारा पहारेकरी) नऊ दिवस माणसांना अडवलेलं, आणि त्याचे मेल पण आलेले, रोज शेकड्यानं, सगळे एका फोल्डरात तसेच न वाचता पडलेले.

म्हणजे अलर्ट होता, मेल येत होता, तरी कळलं नाय. त्यामुळं हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण फॉल्स पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे खऱ्या माणसालाच हल्लेखोर समजून अडवलं की, नुकसान गपचूप होतं. साइट बंद पडली तर दहा फोन येतात. ऑर्डर करताना ४०३ (तेच ते फॉरबिडन) आलं तर माणूस फोन करत नाय, दुसऱ्या दुकानाच्या साइटवर जातो, त्या ताईंनी केला हे आमचं नशीब.

सगळ्यात मोठी चूक: किती अडवले त्याचा आकडा मेलवर मागवणं

बहुतेकजण "एका तासात शंभरच्या वर ब्लॉक झाले की मेल कर" असं लावतात. पण इंटरनेटवर उघडी असलेली कुठलीपण साइट बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) दिवसभर चाचपत असतात, वर्डप्रेस नसलं तरी त्याचं लॉगिनचं पान शोधतात, ते अडवलेले बरोबरच अडवलेत. त्या गर्दीत तुमची चार खरी माणसं दिसणारच नायत, आणि रोज रात्री मेल यायला लागला की चौथ्या दिवशी आपण फिल्टर लावून मोकळे होतो.

खरी खूण वेगळी असते. एकच आयपी (येणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता), ढीगभर वेगवेगळे रूल आणि अस्तित्वात नसलेल्या पानांच्या मागण्या असं दिसलं तर तो हल्लेखोर समजा. उलट रूल एकच, फॉर्मातला रकाना पण एकच, आणि माणसं वेगवेगळी, वेगवेगळ्या गावची, तर तिथं शंभरात नव्वद वेळा आपलाच रूल चुकतोय. अलर्ट याच्यावर लावा. आमच्याकडं आता असं हाय की चेकआउट, लॉगिन आणि चौकशी फॉर्म एवढ्या तीनच पानांवर, एकाच रूलनं एकाच रकान्यावर अर्ध्या तासात तीन वेगळे आयपी अडवले तर लगेच मेल, बाकी सगळ्याचा सकाळी एकच गोषवारा. आकडे तुमच्या ट्रॅफिकप्रमाणं बदला, पण विभागणी हीच ठेवा.

मेलमध्ये ९४९११० दिसला म्हणून तोच बंद करणं

मॉडसिक्युरिटी हा वॅफ आणि त्यावर ओवॅस्पचा कोअर रूल सेट (तयार रूलचा संच) वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. हा सेट गुण मोजतो, क्रिटिकल रूल लागला की ५, एरर ४, वॉर्निंग ३, नोटीस २, आणि येणाऱ्या रिक्वेस्टची बेरीज ५ झाली की दार बंद, ही मूळ सेटिंग. बेरीज बघून अडवायचं काम ९४९११० करतो. म्हणजे तो फक्त निकाल सांगतो, गुण कुणामुळं पडले ते त्याच्या वरच्या ओळींत असतं, ९४१ नं सुरू होणारे क्रॉस साइट स्क्रिप्टिंगचे (पानात स्क्रिप्ट घुसवणं), ९४२ चे एसक्यूएल इंजेक्शनचे (डेटाबेसला फसवणं). मेलात नुसती शेवटची ओळ आली की लोकं ९४९११० लाच सूट देतात, आणि मग वॅफ चालू दिसतो पण अडवत कुणालाच नाय. हे मी दोन ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय.

त्यामुळं मेलात युनिक आयडी (त्या एका रिक्वेस्टचा नंबर), पानाचा पत्ता, रूल नंबर आणि कुठल्या रकान्यावर लागला एवढं यायलाच पाहिजे, आणि त्या युनिक आयडीच्या सगळ्या ओळी एकत्र यायला पाहिजेत. एका ब्लॉकचे पाच सुटे मेल आले तर कोण वाचणार ते?

मराठीत टाइप करून न तपासणं

आमच्या नऊ दिवसांचं मूळ हेच होतं. कुणीतरी सांगितलं सिक्युरिटी वाढवा, म्हणून पॅरानॉइया लेव्हल (रूल सेट किती कडक ते ठरवणारी सेटिंग) १ वरनं ३ वर नेली, मग मी इंग्लिशमध्ये नाव पत्ता टाकून दोन ऑर्डरी करून बघितल्या, व्यवस्थित गेल्या, आणि विषय संपला असं समजलो. पण लेव्हल ३ ला ९२०२७२ नंबरचा रूल जागा होतो, आणि त्याला साध्या इंग्लिश कीबोर्डच्या बाहेरचं अक्षर चालत नाय. देवनागरीतलं एकूण एक अक्षर त्याच्या बाहेर. आणि हा रूल क्रिटिकल, म्हणजे एकट्याचेच ५ गुण. आमच्या फॉर्मात शेवटी "काही सांगायचं आहे का" असा रकाना हाय, त्यात लोकं मनापासनं लिहितात, "करकर वाजणारं पायताण पाहिजे, नंबर ९, पाय जरा रुंद हाय." अशी माणसं नेमकी अडकली. इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्यांच्या ऑर्डरी येत राहिल्या म्हणून मालकांना पण शंका आली नाय. कोल्हापुरी चप्पल घ्यायला आलेल्या माणसाला मराठीत लिहिलं म्हणून परत पाठवलं, हे मला अजून लागतं.

एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) असाल तर तिथं याचाच भाऊबंद भेटतो. त्यांच्या तयार कोअर रूल सेटमध्ये बॉडी (फॉर्मातनं जाणारा मजकूर) ८ केबीच्या वर गेली की अडवणारा रूल हाय. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि साध्या फॉर्ममधनं जाताना त्याचं पर्सेंट एन्कोडिंग झालं (प्रत्येक बाइट % लावून तीन अक्षरांत लिहिला) की तेच ९ होतं. काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे साधारण ९१० चिन्हं झाली की ८१९२ बाइटची हद्द संपली. पतपेढीचा तक्रार अर्ज, शाळेचा प्रवेश फॉर्म, असलं काही मराठीत भरून घेत असाल तर एक पानभर मजकूर टाकून आधी स्वतः बघा.

मेल येतच नाय, असं असलं तर

एडब्ल्यूएसवर पहिलं बघायचं की एसएनएसच्या (अलर्टचे मेल पाठवणारी त्यांची सेवा) कन्फर्मेशन मेलमधली लिंक दाबली का. ती न दाबता महिनाभर अलर्टची वाट बघणारे भेटलेत मला. क्लाउडफ्रंटला (साइट जवळच्या सर्व्हरवरनं वेगानं पोचवणारी एडब्ल्यूएसची सेवा) वॅफ लावला असेल तर त्याचे आकडे व्हर्जिनिया रीजनमध्ये जातात, मुंबईत अलार्म बनवून ठेवला तर तो कधीच वाजणार नाय. आणि क्लाउडवॉचचा (आकड्यांवर नजर ठेवणारी सेवा) अलार्म स्थिती बदलली तरच मेल टाकतो. एकदा लाल झाला आणि लालच राहिला तर दुसरा मेल नाय. शांत वेळेत वॅफ शून्य पाठवत नाय, काहीच पाठवत नाय, त्यामुळं डेटा नसला तर सगळं ठीक समजायचं ही सेटिंग केली नाय तर अलार्म परत हिरवा व्हायची खात्री नसते.

दुसरी फसगत डिटेक्शन ओन्ली मोडची, म्हणजे वॅफ नुसता नोंद करतो, अडवत नाय. नवीन वॅफ पहिले काही दिवस फक्त बघायला ठेवावा हे बरोबरच हाय, पण त्या दिवसांत कुणाला ४०३ जातच नाय. अलर्ट ४०३ वर बांधला असेल तर तो गप्प बसतो, आपल्याला वाटतं सगळं स्वच्छ, आणि ब्लॉकिंग चालू केल्या दिवशी गोंधळ. त्या काळात लॉगमधला ९४९११० चा इशारा मोजा, एडब्ल्यूएसवर ब्लॉक्ड सोडून काउंटेड रिक्वेस्टचा आकडा घ्या.

आपल्या सर्व्हरवरनंच मेल पाठवत असाल तर रूट अॅट लोकलहोस्ट असल्या पत्त्यावरनं गेलेला मेल जीमेल स्पॅममध्ये टाकतं किंवा घेतच नाय. फेब्रुवारी २०२४ पासनं जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरनं आलाय हे पटवायच्या पद्धती) लागतंच. बऱ्याच क्लाउडवर २५ नंबरचा पोर्ट बाहेर जायला बंद असतो, ५८७ वापरा. आणि हल्ल्याचा मजकूर, स्क्रिप्ट टॅगसकट, जसाच्या तसा मेलमध्ये चिकटवू नका, स्पॅम फिल्टरला तो कसा दिसंल विचार करा.

त्यातच अजून एक, आणि हे गंभीर हाय. मॉडसिक्युरिटीच्या ऑडिट लॉगच्या (सविस्तर नोंदीच्या) सी भागात रिक्वेस्टची पूर्ण बॉडी असते. लॉगिनच्या पानावर कुणी अडकलं तर त्याचा पासवर्ड त्यात उघडा असतो. तो भाग मेलला जोडला की गिऱ्हाइकाचा पासवर्ड ऑफिसातल्या चार जणांच्या इनबॉक्समध्ये, फोनवर, कायमचा. मेलात रकान्याचं नाव येऊ दे, त्यात काय भरलं होतं ते नको, बघायचं असेल तर सर्व्हरवर जाऊन बघा.

अलर्ट आल्यावर घाईत रूलच उडवणं

रूल सगळ्या साइटवरनं काढू नका. ज्या पानावर, ज्या रकान्यात त्रास हाय तेवढ्यापुरतीच सूट द्या, रूलचं टार्गेट बदलून हे करता येतं. चालू रिक्वेस्टपुरती सूट कोअर रूल सेटच्या आधी लोड होणाऱ्या ९०० च्या फाइलीत लिहायची, रूल कायमचा काढायची ओळ नंतरच्या ९९९ च्या फाइलीत. जागा उलटी झाली तर बऱ्याचदा सूट लागतच नाय आणि अलर्ट येतच राहतात. आमच्याकडं लेव्हल परत १ वर आणली, ९२०२७२ चा प्रश्न तिथंच मिटला, दुकानाला ३ ची गरज मुळात नव्हतीच.

आणि एक काम त्याच दिवशी केलं. ४०३ चं पान बदललं. आता त्यावर मराठीत दोन ओळी हायत, तुमची ऑर्डर आमच्या यंत्रणेनं चुकून अडवली असेल, या नंबरवर व्हॉट्सअॅप करा, आणि खाली युनिक आयडी. माणूस स्क्रीनशॉट टाकतो, मी तो आयडी लॉगमध्ये शोधतो, आणि दुकानातला पोरगा तोवर फोनवरच त्याची ऑर्डर लिहून घेतो.