कन्डाइन हा शब्द डोक्यात कसा बसवायचा

भाचीचं कॉम्पिटिटिव्ह एक्झामचं व्होकॅब चालूए, तिच्या यादीत कन्डाइन (condign) हा इंग्रजी शब्द आला आणि तिने पुढे "कडक शिक्षा" लिहून टाकलं होतं. ही चूक सहज होते म्हणून लिहितोय.

आधी उच्चार. कन्डाइन, जोर डाइनवर, स्पेलिंगमधला जी म्हणायचा नाही, साइनमध्ये (sign) गप्प बसतो तसाच. आता मूळ बघा, लॅटिनमध्ये डिग्नस म्हणजे लायक, डिग्निटी पण त्याच घरातला, म्हणजे शब्दात कडकपणा कुठेच नाही, जेवढं केलं तेवढंच पदरात पडलं, जास्त नाही कमी नाही. पूर्वी तर कौतुकालाही कन्डाइन म्हणायचे पण इंग्लंडच्या ट्यूडर काळातल्या कायद्यांत कन्डाइन पनिशमेंट असं सारखं यायला लागलं आणि शब्द शिक्षेलाच चिकटला.

आता पाठ नका करू, तोलून बघा. समजा रामकुंडावर कुणी प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य गोदावरीत टाकलं. "परत असं करू नका" म्हणून सोडलं तर ते कन्डाइन नाही, वर्षभर जेलमध्ये टाकलं तरी नाही, दिवसभर घाट साफ करायला लावला तर हां, हे बसतंय. कांद्याच्या वजनात शेतकऱ्याला फसवणाऱ्या व्यापाऱ्याचं लायसन गेलं तर? मला विचाराल तर शंभर टक्के कन्डाइन.

मग पंचवटीतली शूर्पणखा घ्या, तिच्या नाकावरून नाशिक नाव पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. भाची म्हणाली नाक कापणं जरा जास्तच झालं, हे कन्डाइन नाही, तिची आजी म्हणाली अगं सीतेवर धावून गेली होती ना ती, मग. अर्धा तास वाद चालला, चहा गार झाला, पण शब्द असा बसला की तिने स्वतःच वहीतलं "कडक" खोडून "केलं तेवढी" लिहिलं. कन्डाइन म्हणताना आपण निवाडा देत असतो हे तिला तिथे कळलं.

वाक्यात वापरताना हे विशेषण शिक्षेला लावायचं, माणसाला नाही. आणि कन्डोनशी (condone) गल्लत नको, त्याचा अर्थ चूक चालवून घेणं, अगदी उलट, ऑप्शनमध्ये दोन्ही शेजारी दिसले तर आधी थांबा, मग टिक करा.