शिफॉन आणि जॉर्जेट घरच्या मशीनवर शिवताना

सुती कापडावर हात बसलेली व्यक्ती पहिल्यांदा शिफॉन शिवायला घेते, तेव्हा कुर्ता बहुधा मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेला असतो. कापताना कापड सरकते, दोन बाजूंत अर्ध्या इंचाचा फरक पडतो, आणि तो फरक मशीनवर ओढूनताणून मिटवण्याच्या प्रयत्नात शिवणीवर चुण्या उमटतात. बोल मात्र मशीनला लागतो. म्हणून इथे शिवण्यापेक्षा कापण्याविषयी अधिक लिहिले आहे.

मुंबईच्या मंगलदास मार्केटसारख्या कापडबाजारातून कापड आणताना हिशेबापेक्षा पाव मीटर जास्त घ्यावे, कारण टाक्याची, इस्त्रीची आणि खळीची चाचणी त्याच कापडाच्या तुकड्यावर करावी लागते. घरी आल्यावर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांत चुरडते; पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. पॉलिएस्टरला गरम इस्त्री लागली तर ते आकसते किंवा चिकटते, तर रेशमी सॅटिनवर पाण्याचा थेंबही डाग सोडू शकतो. शिफॉन आणि जॉर्जेट यांचे सूत घट्ट पीळ दिलेले असते, त्यामुळे ओले झाल्यावर ते आटते. धुता येण्याजोगे कापड कापण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढणे म्हणूनच आवश्यक आहे. सॅटिनचा निसरडेपणा वेगळ्या कारणाचा असतो: त्याच्या विणीत धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे पडलेले असतात, आणि तेच धागे टाचणीला अडकून ओढले जातात.

कापड वश करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खळ. मी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवून ते पारदर्शक होईपर्यंत शिजवते, गाळून गार करते आणि पॉलिएस्टरचे कापड त्यात बुडवून, न पिळता, सावलीत वाळत घालते. किंचित दमट असतानाच उभे आणि आडवे धागे काटकोनात येतील असे हाताने सारखे करून, वर सुती फडके ठेवून मंद इस्त्री करावी. कापड पतंगाच्या कागदासारखे होते आणि निम्मी कटकट तिथेच मिटते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हा उद्योग जपूनच करावा. खळ लावलेले कापड दोन दिवस दमट राहिले की त्याला कुबट वास येतो आणि पुढे बुरशीचे ठिपके पडतात. रेशमाला खळ लावायची असेल तर आधी तुकड्यावर रंग आणि डाग पाहावा; शंका वाटल्यास खळ टाळून कागदावर भिस्त ठेवावी.

कागद म्हणजे बटर पेपर. वर्तमानपत्र नव्हे, कारण त्याची शाई फिकट कापडाला लागते. आपल्याकडच्या लहान खोल्यांत कापण्यासाठी टेबल नसते, तेव्हा लादीवर आधी सुती चादर अंथरावी, तिच्यावर कागद आणि कागदावर कापड एकेरी पसरावे. घडी घालून दोन पदर एकत्र कापण्याची सवय इथे सोडून द्यावी. खालचा पदर कुठे गेला हे वरून कळत नाही. आडवा धागा नेमका शोधण्यासाठी काठाजवळ छोटी चीर देऊन एक धागा हलकेच ओढावा, म्हणजे त्याची रेघ दिसू लागते. ती रेघ कागदाच्या कडेशी जुळवावी. कडांवर वजन म्हणून डाळींचे डबे ठेवावेत, आणि घाम निथळला तरी तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा. धारदार कात्रीने कापड न उचलता, कागदासकट कापावे. टाचण्या बारीक आणि नव्या असाव्यात, आणि त्या फक्त मायेच्या, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडाच्या, जागेतच लावाव्यात. गेल्या पावसाळ्यातल्या डबीतली एक गंजकी टाचणी मी रात्रभर पांढऱ्या क्रेपमध्ये राहू दिली होती. तो तांबूस ठिपका अखेर भरतकामाखाली लपवावा लागला.

मशीनमध्ये रोजची १४ किंवा १६ नंबरची सुई असेल तर ती काढून ९ किंवा ११ नंबरची नवी सुई लावावी. दोरा बारीक पॉलिएस्टरचा असावा आणि टाका दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण १२ ते १६ टाके. घरात आजीचे पायाने चालवायचे काळे मशीन असेल तर या कामाला तेच पसंत करावे. फक्त सरळ टीप मारणाऱ्या त्या मशीनच्या सुईखालच्या धातूच्या पट्टीत सुईपुरते बारीक गोल छिद्र असते, तर झिगझॅग मशीनच्या पट्टीतली खाच रुंद असते आणि पातळ कापड सुईबरोबर तिच्यात खेचले जाते. नवेच मशीन असेल तर सरळ टिपेची पट्टी मिळते का पाहावे, नाहीतर कापडाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवावे आणि नंतर कागद हलक्या हाताने फाडून काढावा. सुरुवात करताना वरच्या आणि बॉबिनच्या अशा दोन्ही दोऱ्यांची टोके पाठीमागे धरून ठेवावीत. उलटसुलट टीप मारून शिवण पक्की करू नये. टोके लांब ठेवून हाताने गाठ द्यावी.

शिफॉनमधून आतली माया आरपार दिसते, म्हणून कडेवर दोऱ्याचे वेढे घालणाऱ्या ओव्हरलॉकपेक्षा कापलेली कड आत बंद करणारी फ्रेंच शिवण चांगली. अर्धा इंच माया सोडावी. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप मारावी, माया छाटून एक अष्टमांश इंच ठेवावी, कापड उलटवून इस्त्री करावी आणि पुन्हा पाव इंचावर टीप मारावी. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतो त्या, वळणावर मात्र ही शिवण जाड होते. तिथे त्याच कापडाची उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टी लावणे मला अधिक सोयीचे वाटते.

घेर उरेब कापला असेल तर खालची कड लगेच दुमडू नये. कपडा हँगरला लावून एक दिवस टांगून ठेवावा. उरेब भाग आपल्या वजनाने खाली उतरतो, मग जमिनीपासून उंची मोजून कड सारखी करावी. अरुंद दुमड हाताला साधत नसेल तर पिको-फॉलवाल्याकडून पिको करून घेण्यात कमीपणा नाही, फक्त खळ धुऊन काढण्याआधीच कपडा त्याच्याकडे न्यावा. कडक कड त्याच्याही मशीनवर सरळ चालते.