मॉनिटरिंग टूलमध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर जोडताय? या चुका टाळा

सर्व्हरवर नजर ठेवणारं नवीन टूल इन्स्टॉल झालं की सगळ्यांचे हात शिवशिवतात. नेटवर्कवरची मशीन आपोआप शोधणारं 'डिस्कव्हर' बटण समोर असतं, आयपी रेंजचा रकाना रिकामा असतो, आणि माणूस अख्खं /१६ ठोकून चहाला जातो. ६५,५३६ पत्ते होतात ते! मग टूल फिरत बसतं, प्रिंटर, कॅमेरे, कुणाच्या तरी विसरलेल्या टेस्ट व्हीएम सगळं यादीत येतं, आणि ज्या चार ॲप्लिकेशन सर्व्हरसाठी (जावा ॲप चालवणारे टॉमकॅट, वेबलॉजिक वगैरे) हा खटाटोप केला तेच सापडत नाहीत, कारण त्यांच्यावर पिंग (मशीन जागं आहे का बघणारी हाक) बंद आहे. बऱ्याच टूलची डिस्कव्हरी आधी पिंग करते, उत्तर नाही आलं की पोर्ट बघायच्या भानगडीतच पडत नाही.

माझी पद्धत जुनाट आहे. आधी शीटमध्ये यादी: होस्टनेम, कुठला सर्व्हर, व्हर्जन, पोर्ट. टॉमकॅट ८०८०, वेबलॉजिक ७००१, वाइल्डफ्लायचं मॅनेजमेंट ९९९०, वेबस्फिअरचा सोप कनेक्टर ८८८०, हे झाले डिफॉल्ट. प्रत्यक्षात कुणीतरी ते बदललेले असतात, म्हणून मशीनवर जाऊन नेटस्टॅट (उघडे पोर्ट दाखवणारी कमांड) मारून बघायचं. एकाच मशीनवर तीन जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी प्रोसेस) असतील तर तीन ओळी. एवढं केल्यावर मोजकेच सर्व्हर असतील तर हातानेच ॲड करून होतात, डिस्कव्हरीची गरजच पडत नाही.

रेंजसोबत दुसरा घोळ पासवर्डचा. टूलमध्ये साठवलेली क्रेडेन्शियल्स सापडेल त्या प्रत्येक मशीनवर लावून बघितली जातात. त्यात एक जुना पासवर्ड राहिला असेल तर काही मिनिटांत अकाउंट लॉक, आणि त्याच अकाउंटवर एखादी सर्व्हिस चालत असेल तर तीपण बसली. मॉनिटरिंगला वेगळं, फक्त वाचायचे हक्क असलेलं अकाउंट काढा. वेबलॉजिकमध्ये त्यासाठी 'मॉनिटर्स' ग्रुप तयारच असतो. "तात्पुरता ॲडमिन देऊन ठेवू" म्हणणाऱ्यांचा तो ॲडमिन कायमचा तिथेच राहतो.

आता माझा लाडका विषय, जेएमएक्स, म्हणजे जेव्हीएमच्या आतले आकडे बाहेरून वाचायची सोय. एका टीमचा टॉमकॅट टूलमध्ये काही केल्या हिरवा होईना. टेलनेट केलं की पोर्ट लागतोय, टूल मात्र म्हणतंय कनेक्शन फेल. झालं, नेटवर्कवाल्यांना तिकिटावर तिकीट, फायरवॉलला शिव्या, शेवटी कुणीतरी हुशारी करून जेएमएक्सचं ऑथेंटिकेशनच बंद केलं, तरी लाल ते लालच. टूलचा लॉग कुणी उघडलाच नव्हता! उघडला तर त्यात सरळ लिहिलेलं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट: १२७.०.१.१'. म्हणजे टूल स्वतःच्याच दारावर टकटक करत होतं.

होतं असं की जेएमएक्स आरएमआयवर (जावाची दुसऱ्या मशीनशी बोलायची पद्धत) चालतं आणि त्यात दोन पोर्ट असतात. तुम्ही दिलेल्या पोर्टवर फक्त रजिस्ट्री असते, ती सांगते "खरं बोलणं या पत्त्यावर, या दुसऱ्या पोर्टवर कर". तो दुसरा पोर्ट ठरवून दिला नाही तर दर रीस्टार्टला नवा, त्यामुळे फायरवॉलमध्ये तो उघडणार कसा? आणि पत्ता सर्व्हर स्वतःच्या होस्टनेमवरून काढतो. डेबियन, उबंटूवर होस्ट्स फाइलमध्ये बहुतेकदा ते नाव १२७.०.१.१ला बांधलेलं असतं. उपाय दोन ओळींचा: 'जेएमएक्सरिमोट.आरएमआय.पोर्ट'ला पहिल्या पोर्टचाच नंबर द्या म्हणजे फायरवॉलमध्ये एकच भोक, आणि 'जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम'मध्ये टूलला दिसणारा पत्ता टाका. टॉमकॅट असेल तर या ओळी 'कॅटालिना ऑप्ट्स'मध्ये टाका, 'जावा ऑप्ट्स'मध्ये नको, नाहीतर शटडाउन स्क्रिप्टपण तोच पोर्ट उघडायला बघते आणि पोर्ट आधीच वापरात आहे म्हणून टॉमकॅट बंदच होत नाही.

आणि ते बंद केलेलं ऑथेंटिकेशन लगेच चालू करा. बिनपासवर्डचा जेएमएक्स पोर्ट म्हणजे त्या पोर्टपर्यंत पोचणारा कुणीही तुमच्या जेव्हीएममध्ये स्वतःचा कोड चालवू शकतो. असा शॉर्टकट घेणाऱ्याला माझ्या हातात असतं तर प्रॉडक्शनचा लॉगिनच दिला नसता.

बाकीच्या चुका पटापट.

एकच सर्व्हर छोट्या नावाने, पूर्ण डोमेन नावाने आणि आयपीने असा तीनदा ॲड होतो, लायसन्सपण तीन खातो. नाव कसं लिहायचं ते आधी ठरवा.

जावा एजंटची (जेव्हीएमसोबत चालून टूलला आकडे देणारा तुकडा) ओळ टाकली आणि रीस्टार्टच केला नाही. हसू नका, दर वेळी कुणीतरी असतंच.

सर्व्हरची घड्याळं एनटीपीने जुळवलेली नाहीत, मग ग्राफ आणि लॉग ताडून बघताना डोकं फिरतं.

हीप (जेव्हीएमची मेमरी) ८०% झाली की अलर्ट. जेव्हीएमची हीप भरते, जीसी (नको असलेल्या मेमरीची साफसफाई) झालं की खाली येते, ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसणारच. जीसीनंतर किती उरते त्यावर अलर्ट लावा, नाहीतर रात्रभर फोन वाजेल आणि चार दिवसांत लोक अलर्ट म्यूट करतील.

शेकडो एमबीन (जेएमएक्समधून दिसणारे आकड्यांचे गठ्ठे) दर पाच सेकंदांनी ओढणं. मॉनिटरिंगचाच लोड दिसायला लागतो. मी एका मिनिटाच्या खाली सहसा जात नाही.

आणि हिरवा ठिपका दिसला की काम झालं समजून निघून जाणं. तो ठिपका कित्येकदा फक्त पिंगचा असतो. थ्रेड, हीप, कनेक्शन पूल यांचे आकडे येतायत का बघा, थोड्या रिक्वेस्ट मारून ते हलतायत का बघा. मग सांगून-सवरून जेव्हीएम बंद करा आणि अलर्ट कुणाकडे जातो ते तपासा. प्रॉडक्शनवर परवानगी मिळत नसेल तर टेस्टवर करा, पण मशीन चालू ठेवून फक्त जेव्हीएमच बंद करा, नाहीतर पिंगवरचा अलर्ट येईल आणि तुम्हाला वाटेल सगळं व्यवस्थित आहे.