नोकरी सांभाळून ख्रिस्ती विद्यापीठाची पदवी: फी भरण्यापूर्वी काय तपासावे

शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी करणारे, रुग्णालयात परिचारिका असणारे किंवा शाळेत शिकवणारे आपल्या मंडळीतील अनेक जण वयाच्या चाळिशीत पुन्हा शिकू इच्छितात. छोटी खासगी ख्रिस्ती विद्यापीठे, विशेषतः अमेरिकेतील, अशा नोकरदारांसाठी वेगळे अभ्यासक्रम आखतात. त्यांत सहसा एका वेळी एकच विषय असतो, तो काही आठवड्यांत पूर्ण होतो आणि पूर्वी अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे क्रेडिटही (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक) जमेस धरले जातात. कोल्हापुरात बसून अशा ठिकाणी प्रवेश घेण्यापूर्वी पदवी नेमकी कशासाठी हवी आहे, हे प्रथम कागदावर लिहावे, कारण पुढची सारी तपासणी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

सर्वांत जास्त वेळ मान्यतेला द्यावा. अमेरिकेतील संघराज्य सरकार स्वतः विद्यापीठांना मान्यता देत नाही. आपल्याकडील नॅकसारखे मूल्यमापन तेथे स्वतंत्र संस्था करतात आणि त्या संस्थांना तेथील शिक्षण खाते ओळख देते. म्हणून ‘आम्ही मान्यताप्राप्त आहोत’ हे वाक्य पुरेसे मानू नये. मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव विचारावे, ते शिक्षण खात्याच्या यादीत पाहावे आणि विद्यापीठाचे नाव व गाव दोन्ही जुळतात का ते तपासावे. ट्रॅक्स आणि एबीएचई या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांना मान्यता देणाऱ्या संस्था त्या यादीत आहेत. तेथील काही राज्यांत केवळ धार्मिक पदव्या देणाऱ्या संस्थांना परवान्यातून सूट असते. अशी संस्था बेकायदा नसली, तरी तिची पदवी नोकरीसाठी चालेलच असे नाही. भारतात सरकारी नोकरी किंवा पुढील शिक्षण हवे असल्यास परदेशी पदवीला समकक्षता (ती भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता) लागते आणि पूर्ण ऑनलाइन पदवीला ती मिळेलच असे कदापि गृहीत धरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये याबाबत नवे विनियम काढले आहेत, ते आधी वाचावेत.

ईशशास्त्रच शिकायचे असेल, तर माझ्या मते जवळचा मार्ग आधी पाहावा. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या बंगालमधील सेरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ च्या बंगाल कायद्याने ईशशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या त्याच्या सिनेटचे स्वरूप ठरले. ही सिनेट नोकरी करणाऱ्या सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी बहिःस्थ अभ्यासक्रमही चालवते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरलाच छापले गेले, त्यामुळे हे नाते आपल्याला परके नाही.

आता वेळेचा हिशेब. तीन क्रेडिटांच्या विषयाला वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून साधारण १३५ तास लागतात. तो विषय आठ आठवड्यांत संपवायचा असेल, तर आठवड्याला सुमारे १७ तास, म्हणजे रोज जवळजवळ अडीच तास काढावे लागतील. रात्रपाळीच्या आठवड्यात ते कोठून काढणार, हे घरच्यांसमोर बसूनच ठरवावे. थेट वर्ग असेल, तर घड्याळही पाहावे: न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा कोल्हापुरात पहाटेचे साडेचार झालेले असतात. ध्वनिचित्रित व्याख्याने नंतर पाहिली तर उपस्थिती धरली जाते का, हे लेखी विचारावे.

काही विद्यापीठे विद्यार्थ्याकडून विश्वासाच्या कबुलीवर सही घेतात, काही केवळ प्राध्यापकांकडून घेतात. मात्र बायबलचे ठरावीक विषय बहुधा सर्वांनाच सक्तीचे असतात. ही कबुली पाळकांना दाखवून, समजून घेऊन मगच सही करावी.

कागदपत्रांबाबत एकच सूचना: शिवाजी विद्यापीठात पूर्वी शिकला असाल, तर ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत तपशील) लवकर अर्ज करावा आणि पासपोर्टवरील व गुणपत्रकावरील नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. जुन्या शिक्षणाचे किती क्रेडिट जमेस धरले, हे विद्यापीठाकडून लेखी आल्यावरच पहिला हप्ता भरावा.