एफएम ट्रान्समीटरची कॉईल गुंडाळताय? या चुका टाळा

एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर जुळवला, सोल्डरिंग दोनदा तपासलं, बॅटरी नवी घातली, तरी रेडिओची खरखर कुठेच थांबत नाही. अशा वेळी ट्रान्झिस्टरवर संशय घेण्याआधी कॉईल पट्टीने मोजा. या सर्किटची फ्रिक्वेन्सी मुख्यतः कॉईल आणि ट्रिमर (स्क्रूने फिरवून कमी-जास्त करता येणारा छोटा कपॅसिटर) मिळून ठरवतात, आणि एफएमचा पट्टा जेमतेम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा.

नेहमीची कॉईल घेऊ: २२ गेजची इनॅमल तार, ६ मिमीच्या ड्रिल बिटवर ५ वेढे, लांबी ७ मिमी. हिचा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला कॉईल करते तो विरोध) साधारण ११० नॅनोहेन्री. ट्रिमर आणि आजूबाजूची मिळून कपॅसिटन्स २४ पिकोफॅरड धरली तर फ्रिक्वेन्सी ९८ मेगाहर्ट्झच्या जवळ येते. सहाचा बिट सापडला नाही म्हणून आठचा घेतला, की तेवढेच वेढे १७० नॅनोहेन्रीवर जातात आणि ट्रान्समीटर ७९ वर बोलू लागतो. तो चालू असतो, पण तुमच्या रेडिओचा काटा तिथवर जातच नाही. माझी पहिली कॉईल मी पेन्सिलीवर गुंडाळली होती आणि आठवडाभर ट्रान्झिस्टर बदलत राहिलो.

तारेतही गफलत होते. परदेशी सर्किटमधलं २२ एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) म्हणजे ०.६४ मिमी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं '२२ गेज' मागितलं तर बहुधा एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) मिळतं, ते ०.७१ मिमी. मोटार वाइंडिंगवाल्याकडून तुकडा आणला असेल तर पेन्सिलीवर १० वेढे घट्ट चिकटवून घाला. पट्टीवर ७ मिमी भरले तर तार २२ गेजची.

सगळ्यात जास्त फसवतात ती कॉईलची टोकं. सरळ तारेलाही इंडक्टन्स असतो, सेंटिमीटरला ढोबळमानाने १० नॅनोहेन्री. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर शेपूट ठेवलंत तर ९८ चे ८७ होतात. म्हणून कॉईल बोर्डाला जवळजवळ टेकवून बसवा. ब्रेडबोर्डवर तर शेजारशेजारच्या पट्ट्याच काही पिकोफॅरड वाढवतात. तिथे हिशोब जुळला नाही तर कॉईलला दोष देऊ नका. टोकांवरचं इनॅमल ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने चारही बाजूंनी खरवडा. वरून चकाकणाऱ्या सोल्डरखाली इनॅमल तसंच राहिलं, तर जोड लागलेलाच नसतो. वेढे उजवीकडून घातले की डावीकडून, याने मात्र काही बिघडत नाही.

वेढे ताणले की फ्रिक्वेन्सी वर जाते, दाबले की खाली. ७ मिमीची कॉईल ९ मिमी केली की ९८ वरून १०७ येतात, ११ मिमीला ११५. इथे मी हात जोडून सांगतो, सावध राहा. १०८ च्या पुढे विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. ताणण्याची चाचणी अँटेना न लावता, रेडिओ त्याच टेबलावर ठेवून करा. परवान्याशिवाय प्रक्षेपण आपल्याकडे बेकायदा आहे; बिहारच्या मन्सूरपूर गावात राघव महतो यांनी घरी उभारलेलं एफएम केंद्र २००६ मध्ये याच कारणाने बंद झालं. खरंच हवेत जायचं असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा द्या. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हेच कसब कामी येतं.

रेडिओवर आवाज सापडला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. बहुतेक साध्या रेडिओंची मधली फ्रिक्वेन्सी (आलेला सिग्नल रेडिओ आत जिच्यावर उतरवून घेतो ती) १०.७ मेगाहर्ट्झ असते आणि तिच्या दुप्पट, म्हणजे २१.४ वरचा सिग्नलही आत शिरू शकतो, त्यामुळे तुमचा ट्रान्समीटर प्रत्यक्षात १०९.४ वर असला तरी रेडिओत ८८ वर ऐकू येऊ शकतो. काटा पूर्ण फिरवून पाहा. दोन ठिकाणी सापडला तर जोरकस असेल ती जागा खरी. एकाच टोकाला क्षीण आवाज येत असेल तर वेढे थोडे दाबा, फ्रिक्वेन्सी खाली आणा आणि पुन्हा शोधा.

कुठेच काही नसेल तर बॅटरीच्या वायरीत मिलिअँपिअर मीटर लावून कॉईलला बोट लावा. करंट हलला तर सर्किटमध्ये दोलनं सुरू आहेत, फक्त फ्रिक्वेन्सीची जागा चुकली आहे. अजिबात हलला नाही, तर कलेक्टर आणि एमिटरमधला छोटा कपॅसिटर तपासा.

ट्रिमर लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवला तर हात काढताच स्टेशन पळतं. बांबूची काडी तासून घ्या. सगळं जुळल्यावर वेढ्यांवर मेणबत्तीचे चार थेंब टाका, म्हणजे टेबलाला धक्का लागल्यावर कॉईल थरथरणार नाही. मेणाने फ्रिक्वेन्सी किंचित खाली सरकते, तेव्हा ते थंड झालं की ट्रिमर पुन्हा एकदा लावून घ्या.