‘स्वमत’ पाठ करून घेताय? वर्गातल्या या चुका टाळा

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, ‘स्वमत’ नावाची कृती असते. मुलांनी स्वतःचं मत मांडावं, एवढीच अपेक्षा. आणि आपण ते मत फळ्यावर लिहून देतो! ४० वह्यांत एकच स्वमत, स्वल्पविरामासकट. मीही हे वर्षानुवर्षं केलंय. पोर्शन संपवायचा असतो, मुलांचे गुण जायला नको असतात.

यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा. प्रश्न वाचला की चर्चेआधी ५ मिनिटं द्या. वहीच्या शेवटच्या पानावर दोनच ओळी: मत आणि त्याचं कारण. हे पान तपासायचं नाही. मग एकमेकांशी न पटणारी तीन-चार मतं वाचायला लावा आणि फळ्यावर फक्त मुलांची कारणं टिपा. ‘मला हे पात्र आवडलं नाही’ हेही चालेल, पण पाठातला आधार हवा. सुरुवातीला निम्मा वर्ग ‘बाई, उत्तर सांगा ना’ म्हणत बसेल. सांगू नका.

दुसरी चूक घाईची. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात असं दिसलं. तेच ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन आकडे मनात मोजा. तरीही शांतता असेल, तर प्रश्नच तपासा. ‘कोण’, ‘कुठे’ विचारलं की विचार करायला उरतं काय?

‘मनाने काहीही लिहा’ ही उलट टोकाची चूक. मोकळं रान मिळालं की मुलं पाठ असलेल्या वाटेनेच जातात. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त ‘अरे, इकडेतिकडे काय बघतोस? मीच बोलतोय!’ असंच सुरू होणार. त्यापेक्षा विषय आवळा: तुझ्या कंपासपेटीने आज सकाळपासून काय काय ऐकलं? अट एकच, ‘सुंदर’ हा शब्द वापरायचा नाही.

आणि तो लाल पेन! पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या. मुलाचं स्वतःचं वाटणारं एखादं वाक्य अधोरेखित करा. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी.

पालक गाइड घेऊन भेटायला येतील, ‘यात असं उत्तर नाही’ म्हणतील. तेव्हा मुलाला विचारून वहीचं ते शेवटचं पान त्यांना दाखवा.