आजारी मनाचं प्रूफ कसं तपासावं

मी २२ वर्षं प्रुफं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, असलं सगळं. नैराश्य आलं तेव्हा मला रडूबिडू काही आलं नाही. एके दिवशी 'परिस्थिती'तला 'रि' ऱ्हस्व की दीर्घ, हे आठवेना. तीच ओळ मी अकरा वेळा वाचली. मला वाटलं डोळे गेले, म्हणून चष्म्याचा नंबर तपासून नवा चष्मा करून आणला. नव्या चष्म्यातून तीच ओळ आणखी स्पष्ट दिसायची आणि तितकीच कळायची नाही.

पुढचे पाच महिने मी काम केलं नाही. रोज पहाटे साडेतीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत आपण आजवर काय काय बिघडवलं याची यादी डोक्यात फिरत राहायची. ताई एकदा फोनवर म्हणाली, "अगं, महिनाभर तू 'हं' सोडून दुसरा शब्द बोललेली नाहीस." त्यावरही मी "हं" म्हणाले होते.

त्यातून बाहेर येताना मी काय काय केलं, ते इथे क्रमाने लिहिते. क्रम माझा आहे, तुमचा वेगळा असू शकेल. फक्त डॉक्टरांची पायरी गाळू नका.

डॉक्टरांकडे जाताना कागद न्या

समोर बसलं की काही सुचत नाही, आणि "जरा थकवा आहे" एवढंच सांगून आपण परत येतो. माझं पहिल्या भेटीत तसंच झालं. दुसऱ्या वेळी कागद लिहून नेला: हे कधीपासून आहे, झोप किती तास, भूक आणि वजन, कोणकोणती कामं बंद पडली, पूर्वी असं कधी झालं होतं का, घरात कोणाला होतं का, सध्या कुठली औषधं चालू आहेत. शेवटची ओळ मरणाच्या विचारांबद्दल, येतात की नाही. ती लिहिताना हात थांबतो. पण कागदावर असली की तोंडाने उच्चारावी लागत नाही, कागद पुढे सरकवला की झालं.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहा: आयुष्यात कधी उलट झालं होतं का? म्हणजे दिवसेंदिवस झोप नको, बोलणं सुसाट, पैशांची उधळण, आपल्याला काहीही शक्य आहे अशी खात्री. तसं असेल तर आजार वेगळा, दोन्ही टोकांना नेणारा (बायपोलर) असू शकतो. त्यात फक्त नैराश्याचं औषध दिलं तर मन त्या सुसाट टोकाला जाण्याचा धोका असतो.

डॉक्टर बहुधा एक प्रश्नावली भरून घेतील. पीएचक्यू-९ हे तिचं नाव. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी हवी असं मानतात. माझे १९ आले. ही परीक्षा नव्हे आणि एवढ्यावर निदानही होत नाही, पण दर महिन्याला तीच भरली तर आलेख दिसतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ हेही तपासून घ्या, कारण तिथली गडबडही अशीच थकलेली आणि उदास दिसू शकते. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी चक्क खट्टू झाले. एका साध्या कारणावर सुटका होईल अशी आशा होती.

गोळ्यांबद्दल

मला एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, नैराश्याची गोळी दिली. त्रास आधी येतो आणि गुण नंतर, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिला आठवडा मळमळ आणि जांभया. फरक जाणवायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. त्या दिवसांत माणूस सोडून देतो, कारण हातात फक्त मळमळ असते. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता फारच वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

माझी मोठी चूक चौथ्या महिन्यातली. बरं वाटू लागलं म्हणून मी कुणाला न सांगता गोळी बंद केली. तीन दिवसांत चक्कर, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. दोन महिन्यांत साडेतीनची जाग परत आली. बरं वाटायला लागल्यावरही निदान ६ महिने तरी औषध चालू ठेवतात, आणि थांबवायचं तेव्हा डोस हळूहळू उतरवतात. हे मला सांगितलेलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

वही

खरी गोष्ट इथून सुरू होते. समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कालचा दिवस कसा गेला?" मी म्हणाले, "काहीच केलं नाही." त्यांनी तास-तास विचारत नेलं, तेव्हा निघालं की मी अंघोळ केली होती, दोन फोन घेतले होते आणि कुंडीला पाणी घातलं होतं. "मग 'काहीच' कुठून आलं?" त्या म्हणाल्या. व्यवसायाने मी शब्द तोलणारी, आणि एवढा ढोबळ शब्द माझ्या नजरेतून निसटला होता.

तेव्हापासून मी एक नियम धरला: मन आजारी असताना त्याची साक्ष धरायची नाही, वही उघडून बघायची.

वही साधी, शंभरपानी. डावीकडे वेळ, मध्ये काय केलं, उजवीकडे दोन आकडे. पहिला 'जमलं' याचा, दुसरा 'बरं वाटलं' याचा, दोन्ही ० ते १० मध्ये. अशा दोन आकड्यांची पद्धत एरन बेक यांच्या उपचारातून आलेली आहे. ते मनोविश्लेषण शिकलेले मनोविकारतज्ज्ञ. १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की नैराश्यातल्या माणसाच्या डोक्यात आपोआप उमटणारी वाक्यं ठरावीक वळणाची असतात, आणि ती तपासून पाहता येतात. आकडे दोन का, हे भरायला लागल्यावर कळतं. अंघोळीला मी 'जमलं' ७ आणि 'बरं वाटलं' १ लिहायचे. एकच आकडा असता तर मी १ लिहून मोकळी झाले असते आणि ते ७ कायमचे बुडाले असते.

आठवडाभर फक्त नोंद करा, सुधारायला जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यापासून आदल्या रात्री उद्यासाठी दोन-तीन गोष्टी लिहा, वेळ घालून. गोष्ट इतकी लहान हवी की लिहिताना लाज वाटावी. मी पहिल्या दिवशी 'फिरायला जाणे' लिहिलं आणि गेले नाही. दुसऱ्या दिवशी 'सकाळी ८ ला चपला घालून दाराबाहेर उभं राहणे' लिहिलं. उभी राहिले. चौथ्या दिवशी जिना उतरले. ठरलेल्या वेळी मूड आहे का हे विचारायचं नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. एरवी आधी वाटतं आणि मग आपण करतो. नैराश्यात ही साखळी उलटी चालवावी लागते.

ही पोकळ बढाई नाही. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या १५० रुग्णांवर तुलना केली. काहींना विचार तपासण्यासकट बेक यांच्या पद्धतीचे पूर्ण उपचार दिले, काहींना फक्त हा कृतीचा भाग. नुसत्या कृतीवालेही पूर्ण उपचारवाल्यांइतकेच सुधारले. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं, कारण त्या दिवसांत विचार करणं हेच मला जमत नव्हतं.

मग मी एक स्तंभ वाढवला: अंदाज. गोष्ट करण्याआधी लिहायचं, 'बरं वाटेल: ०'. केल्यावर खरा आकडा. तीन आठवड्यांनी मोजलं तर ४० नोंदींपैकी ३१ ठिकाणी खरा आकडा अंदाजापेक्षा वर होता. फार वर नव्हे, दोनाने, तीनाने. पण ३१ वेळा चुकणाऱ्याला मी एरवी कामावर ठेवलं नसतं.

समासात प्रश्नचिन्ह

जरा डोकं चालायला लागल्यावर विचारांकडे वळले. इथे माझा धंदा कामी आला. प्रूफ तपासताना आपण लेखकाशी भांडत नाही, शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकतो. तसंच करायचं. डोक्यात फिरणारं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवा, समास सोडून. माझं होतं: 'मी कायमच कुचकामी होते आणि आता सगळ्यांना ते कळलंय.'

'कायमच'ला गोल. समासात: कधीपासून? २२ वर्षं काम कोणी दिलं? 'सगळ्यांना'ला गोल. समासात: नावं? नावं लिहायला गेले तर दोनच सुचली, आणि त्यांनी असं काही म्हटल्याचं आठवेना. 'कुचकामी'वर नुसतं प्रश्नचिन्ह. दुरुस्त वाक्य असं झालं: 'गेले पाच महिने मला काम करता आलेलं नाही.' यात गोड काही नाही. 'मी समर्थ आहे' असली वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली होती, मनाने ती ताबडतोब खोडली. खरं वाक्य त्याला खोडता येईना.

एक मर्यादा सांगते. स्वतः लिहिलेल्या मजकुरातल्या चुका स्वतःला दिसत नाहीत, डोळा घसरत पुढे जातो. म्हणून दुसरा वाचक लागतो. माझी पानं समुपदेशक बाई वाचत. त्यांनी 'मी घरच्यांवर ओझं आहे' या वाक्यावर बोट ठेवलं. मी ते तपासलंच नव्हतं, कारण मला ती शंका वाटलीच नव्हती, वस्तुस्थिती वाटली होती.

मला न जमलेल्या गोष्टीही सांगते. डोळे मिटून शांत बसणं: तेव्हा ती यादी आणखी जोरात फिरायची. रोज कृतज्ञतेच्या पाच ओळी: त्याचा आरोपपत्रासारखा उपयोग झाला, एवढं सगळं असून तू अशी! इतरांना या गोष्टी लाभतात, मला तेव्हा लाभल्या नाहीत. दिवसा वेगाने चालणं मात्र लाभलं.

रात्र

उठण्याची वेळ ठरवा, झोपेची नको. साडेसहा म्हणजे साडेसहा, रात्र कशीही गेलेली असो. सुमारे वीस मिनिटं झोप येत नसेल तर पलंगावरून उठा, दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळाकडे बघायचं नाही, वीस मिनिटं अंदाजानेच. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचाराचा मुख्य भाग आहे. पलंगाचं आणि जागरणाचं नातं तोडायचं, एवढंच तिच्यामागे आहे. माझी त्यात एक भर: पहाटे साडेतीनला सुचलेला कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरायचा नाही. लिहून ठेवा, सकाळी दहाला वाचा.

माणसं

'काही लागलं तर सांग' म्हणणारे पुष्कळ असतात आणि आपण सांगत नाही. म्हणून नेमकं मागा. ताईला मी सांगितलं: रोज संध्याकाळी सहाला फोन कर, 'कसं वाटतंय' विचारू नकोस, 'वही भरलीस का' एवढंच विचार. नवऱ्याला चिठ्ठी दिली: 'उपाय सुचवू नकोस. मी बसले असेन तिथे येऊन तुझं काम करत बस.' त्याला ते सोपं गेलं. उपाय सुचवून तोही दमला होता.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर

बरी असताना एक कागद तयार करून ठेवा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा क्रम बसवला आहे. आधी आपल्या धोक्याच्या खुणा. मग एकट्याने करता येण्यासारखं मन वळवणारं काही. मग माणसांत जाण्याच्या जागा. मग मदत मागता येईल अशी माणसं. मग डॉक्टर आणि तातडीच्या मदतीचे क्रमांक. शेवटी, घरातल्या घातक वस्तू दूर करणं. शेवटची पायरी बिनमहत्त्वाची वाटते, पण लाट ओसरायला जो वेळ लागतो तो तिच्यामुळेच मिळतो. माझ्या गोळ्या नवऱ्याच्या कुलपात असत, मला आठवड्याच्या मोजून मिळत. अपमान वाटला होता. कुलूप लावायला मीच सांगितलं होतं.

हे विचार आत्ता, या क्षणी येत असतील तर वही वगैरे राहू द्या. एकटे राहू नका, शेजारच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, तुमच्या इथल्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

परत येणं

आनंद आधी परत येईल असं मला वाटत होतं. माझ्याकडे आधी चिडचिड आली. आमच्या लिफ्टमधल्या पाटीवर 'सुचना' लिहिलेलं आहे, पहिला उकार देऊन. कित्येक महिने मी त्याच लिफ्टने वरखाली करत होते. एका मंगळवारी ते दिसलं आणि मी दार उघडेपर्यंत धुसफुसत होते. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "कोण लिहितं ही असली पाटी?" तो खुर्चीवरून उठून हसायलाच लागला.

एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ते पुन्हा कधीतरी येतं. म्हणून बरी झाल्यावर समुपदेशक बाईंसोबत मी परतीच्या खुणा लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. १. आलेल्या निरोपांना उत्तर देणं टाळते. २. पाकिटं न फोडता साठवते. ३. एकच ओळ तीनदा वाचते. ४. साडेतीनला जाग. दोन दिसल्या की थांबायचं नाही, फोन करायचा, असं ठरलं आहे.

मागच्या आठवड्यात पहिल्या दोन दिसल्या. बाईंना फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. जुन्या वहीत चार कोरी पानं उरली आहेत. काल रात्री त्यातल्या एकावर रेघा मारून ठेवल्या.